टबातल्या जळवा परतपरत का येतात: आधी तोंड बघा, मग मिठाचा डबा शोधा

कमळाच्या टबात, गोगलगायी पाळलेल्या टाकीत किंवा गप्पी माशांच्या हौदात बारीक जळवा दिसतात. आपण मीठ टाकतो, पाणी बदलतो, टब घासून उन्हात पालथा घालतो. महिना-दीड महिना सगळं ठीक असतं. मग एके सकाळी कडेला पुन्हा तोच भुरकट ठिपका दिसतो, आणि बघता बघता तो ठिपका लांब होऊन चालू लागतो.

कोल्हापुरातल्या आमच्या गच्चीवर तीन टब आहेत. एकात कमळ, दुसऱ्यात कुमुदिनी, तिसऱ्यात हायड्रिला ही पाणवनस्पती आणि गप्पी. या तिन्हींत मिळून जळवांनी मला दोन वर्षं नाचवलं. प्राणिशास्त्र शिकलेली असूनही मी पहिल्या दोन वेळा जी चूक केली तीच सगळे करतात असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या खेपेला मीठ. ओंजळभर खडेमीठ टाकलं. जळवा गळून तळाशी पडल्या हे खरं, पण दोन दिवसांत गोगलगायीही गेल्या आणि कमळाची पानं कडेने करपली. पाणी उपसलं, टब धुतला, तीच झाडं परत लावली. सहाव्या आठवड्यात जळवा हजर. दुसऱ्या खेपेला टब ब्लीचने धुतला, माती नवी घातली, आणि झाडं? तीच, नुसती नळाखाली खळबळून. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला टबाला हात लावण्याआधी एक जळू चिमटीत न धरता ड्रॉपरने उचलली, बशीत ठेवली आणि भिंग घेऊन बसले. हे काम पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, कारण माझ्या तीन टबांत एक नव्हे, दोन वेगळ्या जातींच्या, पण दोन्ही बिनजबड्याच्या जळवा होत्या. त्यांचं खाणं वेगळं, अंडी ठेवायच्या जागा वेगळ्या. एकीवरचा उपाय दुसरीला लागूच पडत नव्हता.

बशीत काय बघायचं

पांढरी बशी, बोटभर पाणी, दहापट भिंग किंवा मोबाईलचा मॅक्रो कॅमेरा. एवढं पुरतं.

आधी ती जळूच आहे ना, हे ठरवा. दोन्ही टोकं आलटून पालटून टेकवत, कमान करत चालली तर जळू. गोगलगायीसारखी सरकत, घसरत गेली आणि डोकं बाणाच्या टोकासारखं असलं तर तो प्लॅनेरिया, म्हणजे चपटकृमी. त्याला चूषक, म्हणजे चिकटायच्या वाट्या, नसतात आणि त्याची गोष्टच निराळी. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग ढोसून बघा. टूथपिकने हलकेच टोचल्यावर ती चपटी होऊन बशीला चिकटली किंवा खवल्या मांजरासारखी गुंडाळी करून पडली, तर ती बहुधा सोंडवाली, म्हणजे सोंड खुपसून शोषणारी. फितीसारखी लाटा काढत पोहत सुटली, तर बहुधा गिळणारी, म्हणजे सोंड नसलेली, भक्ष्य अख्खं गिळणारी. रंगही बघा. सोंडवालीचं रक्त बिनरंगी असतं, त्यामुळे लहान जळू काचेसारखी, भुरकट किंवा हिरवट दिसते. गिळणारीच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लालसर दिसते.

शेवटी तिला उलटी करा. पोटाखाली पिवळसर दाणे किंवा सुतासारखी हलणारी पिल्लं दिसली, तर प्रश्न सुटलाच म्हणा: ग्लॉसिफोनिडी, म्हणजे पिल्लं अंगाखाली सांभाळणारं सोंडवाल्यांचं कुळ.

बिनजबड्याच्या म्हणजे नेमक्या कोणत्या

आपल्या मनातली जळू म्हणजे आंबोलीत किंवा कोयनेच्या जंगलात पावसाळ्यात मोज्यातून आत शिरणारी, नाहीतर गुरांच्या तळ्यातली जाडजूड. या दोन्ही जबडेवाल्या. तीन जबडे, प्रत्येकावर दातांची ओळ. चावल्यावर त्वचेवर तीन टोकांची खूण उठते. वैद्य लावतात ती जळूही याच गोतातली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १३वा अध्याय अख्खा जळवांवर आहे. तिथे बारा प्रकार सांगितलेत, सहा सविष आणि सहा निर्विष. टबातल्या जळवांचा या मंडळींशी संबंध दूरचा. ‘रक्त पितील, पोरांना टबात हात घालू देऊ नका’ ही आमच्या शेजारच्या काकूंची भीती इथूनच आलेली.

सगळ्या जळवा वलयी प्राण्यांत, म्हणजे गांडुळांच्या भावकीत मोडतात. फरक असा की गांडुळाचे खंड कमीजास्त असतात, जळूचे मोजून ३४. वरून दिसणाऱ्या बारीक कड्या त्याहून पुष्कळ जास्त, पण त्या वरवरच्या. एकेका खंडावर अनेक कड्या असतात. मागचा चूषक शेवटचे सात खंड एकत्र होऊन बनतो.

वर्गीकरणात जुनी विभागणी सरळ होती. एका बाजूला ऱ्हिंकोब्डेलिडा, म्हणजे सोंड असलेल्या. दुसऱ्या बाजूला अऱ्हिंकोब्डेलिडा, म्हणजे सोंड नसलेल्या. घोळ पुढे आहे. सोंडवाल्यांना जबडे नसतातच. पण सोंड नसलेल्यांतही एक मोठा गट, एर्पोब्डेलिफॉर्मिस, जबड्याविना जगतो. त्यांचा घसा लांब आणि स्नायूंचा असतो, भक्ष्य अख्खं गिळायचं किंवा ओढून घ्यायचं. तेव्हा ‘बिनजबड्याची’ हे एका घराण्याचं नाव नाही. ती दोन घराणी आहेत, आणि त्यांच्यात साम्य एवढंच की तोंडात दात नाहीत. शिवाय २०१८ साली जनुकांच्या अभ्यासातून असंही निघालं की सोंडवाल्या जळवा मिळूनसुद्धा एक शाखा होत नाही, त्यामुळे ऱ्हिंकोब्डेलिडा हे नाव मोडीत काढून गट वेगळे करावेत. तरी बादली हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘सोंड आहे की नाही’ हा जुना प्रश्न अजून उपयोगी पडतो.

सोंड बाहेरून दिसत नाही. ती एका म्यानात मिटलेली असते, आणि पुढच्या चूषकातल्या टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर येते. जबडेवाली कापते, ही सुईसारखी आत सारते. जबडे नाहीत म्हणजे रक्त पीत नाही असं मात्र समजू नका. फ्रेंच गयानातली हेमेंटेरिया घिलियानी ही जगातल्या सर्वांत मोठ्या जळवांपैकी एक, ४५ सेंटीमीटरपर्यंत लांब, आणि सोंडवालीच. तिच्या लाळेतलं हेमेंटिन हे द्रव्य गुठळीतलं फायब्रिन तोडतं, तर जबडेवालीच्या लाळेतलं हिरुडिन मुळात गुठळी होऊच देत नाही. आपल्या टबात असली राक्षसीण नाही. टबातल्या सोंडवाल्या बहुतेक गोगलगायी आणि किडे शोषून जगतात.

प्रकार पहिला: चपटी, गोगलगायींच्या आसपास

माझ्या कमळाच्या टबात हीच होती. सेंटीमीटरभर किंवा त्याहून लहान, पानासारखी चपटी, डोळ्यांच्या तीन जोड्या. वर्णन अल्बोग्लॉसिफोनिया वेबेरीशी जुळतं. ही आपल्याकडची जुनी रहिवासी. १९२७ सालच्या ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या जळवांवरच्या खंडात हार्डिंग आणि मूर यांनी भारतातल्या जळवांची मांडणी केली, त्यात ती ग्लॉसिफोनिया वेबेरी या जुन्या नावाने येते. रिकामे शंख वाढत चाललेत, जिवंत गोगलगायी कमी होताहेत, ही तिची खूण. गोगलगायीच्या कवचात शिरून ती आत बसते आणि मऊ अंग शोषते. बाहेरून मीठ टाकलं की गोगलगाय कवच मिटून घेते आणि तिच्यासोबत जळूही आत सुरक्षित. माझ्या ओंजळभर मिठाचं काय झालं ते आता कळलं असेल.

आणि पिल्लांचं काय? इथे या कुळाचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. आई अंडी पातळ पारदर्शक पिशव्यांत घालते आणि त्यांवर छत्रीसारखी पसरून बसते. अधूनमधून अंग हलवून ताजं पाणी खेळवते. पिल्लं बाहेर आली की आईच्या पोटाला चिकटतात, अंगातल्या बलकावर वाढतात, आणि पहिल्या जेवणाची वेळ झाली की आई त्यांना भक्ष्यापर्यंत घेऊन जाते. मेंदू म्हणण्याजोगं फारसं काही नसलेल्या प्राण्याचं हे वागणं. बशीत एक आई दिवसभर पिल्लं घेऊन कडेकडेने फिरत होती; मी त्या दिवशी तिला मारलं नाही.

पण याच मायेमुळे आपला उपाय फसतो. चिमट्याने जळू ओढली की ताणाने पिल्लं गळतात, पाण्यात पसरतात, आणि एकीच्या जागी दोन-तीन डझन. म्हणून चिमटा नको, टबात चिरडायचं तर अजिबात नको. रुंद तोंडाचा ड्रॉपर किंवा जुन्या सिरिंजची नळी तिच्याजवळ नेऊन पाण्यासकट शोषून घ्या. आई गेली की पूर्ण कुटुंब गेलं.

याच कुळातली हेलोब्डेला ही आणखी एक पाहुणी. डोळ्यांची एकच जोडी. हेलोब्डेला स्टॅग्नॅलिसच्या मानेवर पाठीच्या बाजूला तपकिरी कडक टिकली असते, भिंगातून सहज दिसते. खाणं मुख्यतः रक्तकिडे (डासासारख्या चिलटांच्या लाल अळ्या) आणि ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल कृमी). सगळ्या जळवा उभयलिंगी असतात, तरी बहुतेकींना जोडीदार लागतो. हेलोब्डेलाच्या काही जातींना तोही लागत नाही, एकटीच स्वतःची अंडी फलित करते. ‘एकच राहिली असेल, जाऊ दे’ हे वाक्य तिच्या बाबतीत महागात पडतं.

या प्रकारावर मला लागू पडलेला उपाय असा. रात्री सापळा लावायचा. झाकणाच्या छोट्या डबीला तापलेल्या सुईने भोकं पाडा, आत मेलेली गोगलगाय किंवा कोंबडीच्या काळजाचा तुकडा ठेवा, वजनाला खडा घाला आणि तळाशी सोडा. जळवांना उजेड आवडत नाही, त्या अंधारात निघतात. उजाडायच्या आत डबी काढा. उशीर केलात तर पोट भरून परत जातात आणि आपण त्यांना जेवू घातलं एवढंच होतं. पहिल्या रात्री मला एकोणीस मिळाल्या. दोन आठवडे रोज, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा. मध्येच थांबायचं नाही, कारण आईच्या पोटाखाली असलेली पिल्लं सापळ्याकडे येत नाहीत. ती सुटी होऊन भुकेली झाल्यावरच येतात. राहिलेल्या गोगलगायी वेगळ्या उथळ भांड्यात ठेवा, तळाला फक्त पांढरी फरशी, माती नाही. आतली जळू बाहेर आली की लगेच दिसते.

प्रकार दुसरा: लालसर, पोहणारी

हायड्रिलाच्या टबात ही निघाली. तीन-चार सेंटीमीटर लांब, विटकरी, आणि पोहण्यात तरबेज. बार्ब्रोनिया वेबेरी. (दोघींच्या नावात वेबेरी आहे तो योगायोग नाही. १८९७ साली ब्लांशार यांनी दोन्ही नावं डच प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या सन्मानार्थ दिली.) ही गिळणाऱ्या घराण्यातली, जबडे नाहीत, घशात फक्त बारीक टोचण्या. मूळ दक्षिण आणि आग्नेय आशियातली, पण पाणवनस्पतींच्या व्यापारातून युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. तिकडचे हौशी लोक तिला परदेशी उपद्रव म्हणतात. आपल्यासाठी ती घरचीच.

तिला गोगलगायींशी फारसं देणंघेणं नाही, रक्ताशी तर नाहीच. ती रक्तकिडे आणि बारीक गांडुळं खाते. तुमच्या टाकीत तिची संख्या वाढली असेल तर आधी स्वतःच्या हाताकडे बघा: माशांना खाणं जास्त पडतंय, ते तळाशी कुजतंय, त्यावर अळ्या आणि ट्युबिफेक्स पोसताहेत आणि त्यांवर ही. मी जिवंत ट्युबिफेक्स आणणं बंद केलं, कोरडं खाणं निम्मं केलं, सडकी पानं काढली. दोन महिन्यांत टबाच्या कडेवर रोज दिसणाऱ्या जळवा आठवड्याला एखादी एवढ्यावर आल्या. दुसरं काही केलं नाही.

ही पिल्लं सांभाळत नाही. ती कोष चिकटवून निघून जाते. दोन-चार मिलिमीटरचे, लंबगोल, चपटे, ताजे असताना पारदर्शक पिवळसर आणि नंतर तपकिरी होणारे. हायड्रिलाच्या पानाखाली, दगडाला, पाण्याच्या नळीला. गोगलगायीच्या अंड्यांचा गोळा मऊ आणि बुळबुळीत असतो, हे कडक असतात, नखाने खरवडावे लागतात. कोषाच्या कवचातून मीठ, पोटॅशियम परमँगनेट वगैरे आतपर्यंत धड पोचत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेचा फज्जा इथे झाला: टब ब्लीचने चकाचक, आणि कोष झाडांवर बसून परत टबात.

म्हणून झाडांसाठी औषधापेक्षा बादली महत्त्वाची. नवी असोत वा जुनी, झाडं सुट्या पाण्याच्या बादलीत किमान सहा आठवडे ठेवा. गोगलगाय नाही, मासे नाहीत, माती नाही. आठवड्याला पाणी बदला, पानं उलटी करून कोष खरवडा, रात्री सापळ्याची डबी सोडा. मधल्या काळात कोषांतून पिल्लं निघतात आणि हाती लागतात. सलग दोन आठवडे डबी रिकामी आली की झाडं टबात. सुरुवातीला परमँगनेटच्या हलक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवायला हरकत नाही, त्याने हिंडत्याफिरत्या जळवा सुटतात. पण तेवढ्यावर विसंबू नका.

प्रकार तिसरा: माशालाच चिकटलेली

हा माझ्याकडे झाला नाही, मत्स्यशेती करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या तळ्यात पाहिला. इथे मामला गंभीर. ग्लॉसिफोनिडीतली हेमिक्लेप्सिस मासे आणि बेडूक यांच्यावर जगते. डोकं मानेपेक्षा ठळक रुंद आणि डोळ्यांच्या दोन जोड्या. पिसिकोलिडी कुळातल्या तर माशांच्याच जळवा, दोरीसारख्या गोल अंगाच्या, दोन्ही टोकांना बशीसारखे ठसठशीत चूषक. समुद्रातल्या बहुसंख्य जळवा याच कुळातल्या. १९६३ साली श्रीलंकेतून वर्णन झालेली झेलॅनिकोब्डेला अरुगमेन्सिस आग्नेय आशियात हेकरू आणि जिताडा पाळणाऱ्यांची डोकेदुखी झाली आहे. माशांच्या जळवा रक्तातले ट्रिपॅनोसोम परजीवीही एका माशातून दुसऱ्यात नेतात.

लोक इथे मासा मिठाच्या पाण्यात बुडवतात. लिटरला २० ते ३० ग्रॅम मीठ, काही मिनिटं, समोर उभं राहून. मासा कलंडू लागला की ताबडतोब बाहेर. जळवा सुटतात. पण लक्षात घ्या, या जळवा पोट भरल्यावर माशाला सोडून अंडी घालायला तळाशी किंवा झाडांवर जातातच. म्हणजे तुम्ही माशाला बुडवता तेव्हा पुढची पिढी तळ्यात असते. तळं उपसून, तळ भेगा पडेपर्यंत वाळवून, चुना मारून मगच मासे परत सोडले तर फरक पडतो. वरची साय वाळली आणि खाली चिखल ओला राहिला, तर मेहनत वाया.

आणखी थोडं, सुटंसुटं

तांब्याचं औषध, म्हणजे मोरचूदवाली द्रावणं: जळवा मरतात, त्याआधी गोगलगायी आणि कोळंबी मरते. माझ्या मते टबासाठी हा उपायच नव्हे.

कुत्र्यांच्या जंताचं फेनबेंडाझोल काही जण वापरतात. प्लॅनेरियावर चालतं, काही जातींच्या गोगलगायी मात्र त्याने दगावतात. गोगलगायी वाचवायच्या असतील तर नाहीच.

टब रिकामा करणार असाल तर एप्रिलमध्ये करा. आमच्याकडच्या उन्हात पसरलेली माती चार-पाच दिवसांत कडकडीत होते. जुलैत करून उपयोग नाही, माती वाळतच नाही.

तळ्यातून उपटून आणलेली झाडं सर्वांत जोखमीची. उलट दिशेनेही तेच: उपसलेली झाडं आणि पाणी ओढ्यात, तलावात फेकू नका. गच्चीवर पसरून वाळवा आणि मग कंपोस्टात टाका.

कुमुदिनीच्या टबात गेल्या दिवाळीपासून एकही नाही. कमळाच्या टबात एप्रिलच्या साफसफाईनंतर डबी सलग रिकामी येते आहे, गोगलगायींची अंडी पानाखाली दिसू लागली आहेत. हायड्रिलाच्या टबात चार-दोन बार्ब्रोनिया अजून आहेत. गप्पी धडधाकट आहेत, रक्तकिडे कमी झालेत. त्या टबाला मी हात लावलेला नाही. फक्त तिथलं पाणी आणि जाळी दुसऱ्या टबांसाठी वापरत नाही.